आजारी बंद्याचं उत्तर कोणी द्यायचं: दिल्लीने की भोपाळने?

रामबागकर
गेल्या महिन्यात दादाच्या आजारपणात आपल्या इंदूरच्या एका सरकारी दवाखान्यात नऊ रात्री काढल्या. शेजारच्या खाटेवर एक बंदी होता. (आपल्याकडे जेलच्या कागदांत कैदी नसतो, बंदी असतो.) विशी-पंचविशीचा मुलगा, पोटाचं दुखणं. डावा पाय साखळीने खाटेच्या दांडीला अडकवलेला. घोटा घासू नये म्हणून आयाबाईंनी साखळीखाली जुन्या चादरीची पट्टी गुंडाळून दिली होती. सोनोग्राफी दोन मजले खाली. तीनदा नंबर लागला, तीनदा गेला, कारण न्यायला दोन शिपाई लागतात आणि पाळीवर एकच. डॉक्टर म्हणाले, गार्ड पोलीस देतात. शिपाई म्हणाला, लाइनीतून माणूसच मिळत नाही. जेलवाल्यांचं म्हणणं, आम्ही पाठवला, आता तो दवाखान्याचा.

घरी आल्यावर संसदेतली प्रश्नोत्तरं वाचत बसलो. निवृत्तीनंतरचा नाद, दुसरं काय. जेलबद्दल कोणीही काहीही विचारो, उत्तर बहुतेक एकाच वाक्याने सुरू होतं: सातव्या अनुसूचीतल्या राज्यसूचीच्या नोंद ४ नुसार कारागृहे हा राज्याचा विषय. दवाखान्यांचं विचारलं तर नोंद ६. म्हणजे चार आणि सहा यांच्या मधल्या फटीत तो मुलगा पडला. आणि जिथे हे वाक्य नसतं तिथे ‘माहिती गोळा करण्यात येत आहे’.

२० जुलै २०२१ आठवा. एप्रिल-मेमध्ये आपण ऑक्सिजनच्या सिलिंडरसाठी गावभर वणवण केलेली, आणि राज्यसभेत लेखी उत्तर आलं की ऑक्सिजनअभावी मृत्यू झाल्याचं राज्यांनी खास करून कळवलेलं नाही. आरोग्य राज्याचा विषय, हेही सोबत होतंच.

माझं सरळ मत आहे की हे वाक्य लिहून सरकारही सुटतं आणि खासदारही. ज्या खात्यात दिल्लीचा पैसा जातो त्याचं उत्तर दिल्लीने दिलंच पाहिजे. पटत नसेल तर सांगा.

आडाबाजार
नाही पटत, काका. ते वाक्य बहाणा नाही, घटना आहे. जेल भोपाळचं, जेलर भोपाळचा, गार्डचे पोलीसही भोपाळचे. मग प्रश्न दिल्लीत का? आपल्याला खासदाराला धारेवर धरण्याची हौस फार, कारण टीव्हीवर संसद दिसते. आमदार मात्र लग्नात भेटतो आणि आपण त्याच्याकडे नळाचं नाहीतर रस्त्याचं बोलतो. तुम्ही तुमच्या आमदाराला जेलबद्दल शेवटचं कधी विचारलंत?

रामबागकर
कधीच नाही. हे खरं आहे. पण भिया, विधानसभा बसते कधी? अधिवेशन सुरू होतं, दोन दिवस गोंधळ, आणि ठरलेल्या तारखेआधीच गुंडाळलेलं. तिथे प्रश्न टाकायचा म्हणजे बंद दुकानात चिठ्ठी सरकवायची.

आडाबाजार
मग दुकान उघडायला लावा. शेजारच्या गल्लीतल्या दुकानदाराशी भांडून काय मिळणार? आणि आज दिल्लीला जेलचा जाब विचारायचा हक्क दिलात, तर उद्या दिल्ली हुकूमही देईल.

सुदामानगर
माफ करा, पण मला हा सगळा धागाच उलटा वाटतो. माझ्या सासऱ्यांना रात्री दोनला स्ट्रेचर मिळालं नव्हतं, मी आणि मेव्हण्याने चादरीत उचलून नेलं. ज्याने कोणाचं काही बिघडवलं नाही त्याला खाट नाही, आणि आपण बंद्याच्या सोनोग्राफीवर संसद बोलावतोय. आधी साध्या माणसाचं बघा.

कोर्टवाला
‘ज्याने कोणाचं काही बिघडवलं नाही’ हे कोणी ठरवलं? राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाचे २०२२ अखेरचे आकडे घ्या. देशातल्या जेलांत ५,७३,२२० माणसं, जागा ४,३६,२६६ ची. त्यातले ४,३४,३०२ विचाराधीन, म्हणजे चारातले तीन. यांच्यावर गुन्हा अजून सिद्ध व्हायचाय. पेशीवर पेशी (कोर्टाची तारीख) पडतेय, एवढाच त्यांचा अपराध आत्तापुरता.

त्याच अहवालातलं दुसरं. त्या वर्षी कोठडीत १,९९५ जण दगावले, त्यातले १,७७३ ‘नैसर्गिक’ मृत्यू. आजाराने मेला तो नैसर्गिक रकान्यात. तीन नंबर चुकले, चौथ्याला उशीर झाला, माणूस गेला, तरी नैसर्गिकच. हा रकाना मला वकिलीच्या सगळ्या वर्षांत पचलेला नाही.

आणि काका, साखळीबद्दल. १९९५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने आसामच्या प्रकरणात, गुवाहाटीच्या दवाखान्यात खाटेला बांधलेल्या बंद्यांबाबतच, सांगून ठेवलंय की दंडाधिकाऱ्याच्या परवानगीशिवाय बेड्या नाहीत. त्या वॉर्डात असा कागद कोणी पाहिला का?

निवृत्त सिस्टर
कागद कुठला, किल्ली पाहायला मिळाली तरी पुष्कळ. एकदा रात्री बंद्याला फिट आली. आम्ही दोघी त्याला कुशीवर वळवतोय आणि पाय साखळीत पिळवटतोय. किल्ली हवालदाराच्या खिशात, हवालदार गेटवर चहाला. धावत जाऊन त्याला आणलं.

सुदामानगरभाऊ, तुमचा राग मला समजतो. तुमच्या सासऱ्यांना स्ट्रेचर नव्हतं, कारण वॉर्डबॉय कमी होते. याला सोनोग्राफी नव्हती, कारण शिपाई कमी होते. दोघांची गोष्ट एकच आहे. फरक इतकाच की तुम्हाला मेव्हणा होता.

सुदामानगर
सिस्टर, तुमचा मान आहेच. पण खाटा दहा आणि माणसं वीस असली की रांगेत कोणीतरी मागे राहणारच. मी फक्त म्हणतोय की बंदी मागे राहिला तर ते मला सगळ्यात कमी टोचतं. वाईट वाटलं तर वाटो.

कोर्टवाला
टोचू नये यासाठीच तर भिंती उंच बांधतात.

मूळ वादावर येतो. आडाबाजार अर्धा बरोबर आहे. लोकसभेच्या नियम ४१ प्रमाणे जो विषय मुख्यतः भारत सरकारच्या अखत्यारीतला नाही त्यावर प्रश्नच घेता येत नाही. सचिवालय तो दारातच परत पाठवतं. जे आत जातात त्यांचीही लॉटरी. रोज तारांकित (तोंडी उत्तराचे) २०, अतारांकित (लेखी उत्तराचे) २३०. तारांकितांतले तोंडी उत्तरापर्यंत पोचतात ते हाताच्या बोटांवर मोजावेत. २०२० च्या सप्टेंबरात, ऐन साथीत, प्रश्नोत्तराचा तासच नव्हता, फक्त लेखी उत्तरं. ज्या वेळी उलटप्रश्न हवे होते नेमकी त्याच वेळी.

पण काका, तुम्ही चुकीच्या खिडकीत डोकावताय. संसदेचं खरं काम समित्यांत चालतं. तिथे कॅमेरा नाही, म्हणून आरडाओरडा नाही. २०२३ मध्ये गृहखात्याच्या स्थायी समितीने जेलांची अवस्था आणि सुधारणा यांवर अख्खा अहवाल दिला. अध्यक्ष कोण, तर उत्तर प्रदेशचे माजी पोलीस महासंचालक. राज्याचा विषय आहे म्हणून समितीचं काही अडलं नाही. सरकारला शिफारशींवर काय केलं ते लिहून द्यावं लागतं.

आडाबाजार
अहवाल! भोपाळच्या गोदामात पुरेसे आहेत. वाचतो कोण, तुम्ही आणि रामबागकर काका.

उगाच बोलत नाही मी. २०२५ मध्ये एम. वाय. मध्ये, आपल्या इंदूरच्या मोठ्या सरकारी दवाखान्यात, उंदरांनी नवजात बाळांना चावे घेतले, तेव्हा उच्च न्यायालयाच्या इंदूर खंडपीठाने स्वतःहून दखल घेतली. समितीने नाही. जेलांचंही तेच. २०१३ मध्ये माजी सरन्यायाधीश लाहोटी, आपल्या मध्य प्रदेशातल्या गुना गावचे, त्यांनी १,३८२ जेलांच्या गर्दीबद्दल सर्वोच्च न्यायालयाला पत्र लिहिलं आणि त्याचीच जनहित याचिका झाली. एका पत्राने जे झालं ते हजार प्रश्नांनी झालं नव्हतं.

कोर्टवाला
मी रोज तिथेच उभा असतो, म्हणून सांगतो. कोर्ट आदेश देतं, शिपाई देत नाही. शिपायाच्या पदाचा पैसा अर्थसंकल्पातून येतो आणि अर्थसंकल्प सभागृह मंजूर करतं. ते पत्र २०१३ चं, त्या याचिकेतला मोठा निकाल २०१६ चा, आणि २०२२ मध्ये गर्दी तरीही शंभराला एकशे एकतीस.

बर्मिंगहॅमवासी
जन्म नारायण बागेतला, नोकरी इकडे, म्हणून इकडची एक गोष्ट. इंग्लंडमध्ये जेलमधल्या रुग्णाची जबाबदारी गृहखात्याकडून काढून सरकारी आरोग्यसेवेकडे दिली, २००६ पर्यंत पूर्ण. जो डॉक्टरांचा मालक तोच बंद्याच्या डॉक्टरचाही. शिवाय स्वतंत्र कारागृह निरीक्षक आहेत. त्यांनी तातडीची सूचना काढली की मंत्र्याला २८ दिवसांत जाहीर उत्तर द्यावं लागतं. २०१८ मध्ये आमच्या बर्मिंगहॅमच्या जेलबद्दल अशीच सूचना निघाली, आणि खासगी कंपनीकडून ते जेल सरकारने ताब्यात घेतलं. पार्लमेंटच्या आरोग्य समितीने त्याच वर्षी जेलमधल्या आरोग्यावर वेगळा अहवालही दिला.

आडाबाजार
आणि तरी २०२४ मध्ये जागा नाही म्हणून बंदी मुदतीआधी सोडावे लागले ना तिकडे? आम्हीही पेपर वाचतो, साहेब.

बर्मिंगहॅमवासी
सोडावे लागले. पण का सोडले, याचं उत्तर मंत्र्याने सभागृहात उभं राहून दिलं. ‘कौंटीला विचारा’ म्हणाला नाही.

निवृत्त सिस्टर
तुमचं ते डॉक्टर आरोग्य खात्याकडे देण्याचं ऐकायला छान आहे. पण आमच्याकडे अडलं होतं शिपायापाशी. डॉक्टर तर वरच बसले होते.

रामबागकर
सिस्टरचं बरोबर. आणि आडाबाजारचंही थोडं मानतो. आपल्या खासदार सुमित्राताई महाजन लोकसभेच्या अध्यक्ष होत्या ती पाच वर्षं (२०१४ ते १९) आपण मिरवलं, पण अध्यक्ष प्रश्न विचारत नाहीत. म्हणजे त्या काळात इंदूरच्या नावावर लोकसभेत एकही प्रश्न नसणार. हे माझ्या आज डोक्यात आलं. बिघडलं काय त्याने? माहीत नाही. आपल्यापैकी कोणी यादी मागितली नव्हती एवढं नक्की.

तर मी एक प्रश्न लिहून खासदारांकडे नेणार आहे, आणि तोच थोडा फिरवून आमदारांकडे. कोर्टवाल्यांनी वाकडंतिकडं दुरुस्त करावं.

(क) गरीब बंद्यांच्या जामिनासाठी केंद्राने २०२३ मध्ये योजना आणली, तेव्हा एकाला ४० हजारांपर्यंत. तीत मध्य प्रदेशाला किती निधी दिला आणि किती वापरला गेला?
(ख) स्थायी समितीच्या २०२३ च्या अहवालातल्या बंद्यांच्या आरोग्याबद्दलच्या कोणत्या शिफारशी सरकारने मान्य केल्या?
(ग) गार्ड न मिळाल्याने बंद्यांच्या किती तपासण्या चुकल्या?

कोर्टवाला
दीडशे शब्दांच्या आत ठेवा, तोही नियम आहे. (क) आणि (ख) दारात अडणार नाहीत. केंद्राचा पैसा, संसदेची समिती, राज्याचा विषय म्हणायला वाव नाही.

आडाबाजार
(ग)चं उत्तर मी आत्ताच लिहून देतो: ‘अशी माहिती केंद्रीय पातळीवर ठेवली जात नाही.’ पोहे खा आणि घरी जा.

कोर्टवाला
ते आलं तर हरलो. पण ‘माहिती गोळा करण्यात येत आहे’ आलं, ज्यावर काका सुरुवातीला चिडले होते, तर जिंकलो. ते वाक्य सभागृहातलं आश्वासन धरलं जातं. तीन महिन्यांत पुरं करायचं, नाहीतर आश्वासनांची समिती खात्याला बोलावून विचारते. १९५३ पासून आहे ती समिती लोकसभेत.

आडाबाजार
हे माहीत नव्हतं. चला, विधानसभेचा कागद मी नेतो. आमदार आमच्या गल्लीतलाच आहे.

निवृत्त सिस्टर
(ग) असा विचारलात तर आकडा कोणालाच सापडणार नाही. बंदी खाली आला नाही की आम्ही सोनोग्राफीच्या रजिस्टरात ‘रुग्ण अनुपस्थित’ लिहायचो. गार्ड नव्हता हे लिहायला रकानाच नव्हता.

रामबागकर
तीन मजल्यांच्या इमारतीत, खाटेला साखळीने बांधलेला माणूस, आणि अनुपस्थित.

(ग) बदललं: जेलमधून भरती केलेल्या किती रुग्णांपुढे गेल्या वर्षी ‘अनुपस्थित’ लिहिलं गेलं?