डेव्हिड स्मिथची ‘क्युबी’ शिल्पं: ताकद घासकामात की रचनेत?

ग्राइंडरवाला (धागा)
अमेरिकन शिल्पकार डेव्हिड स्मिथ (१९०६–१९६५) याची ‘क्युबी’ मालिका म्हणजे स्टेनलेस स्टीलची पोकळ खोकी नि नळकांडी जोडून उभी केलेली २८ शिल्पं. माझ्या मते त्यांची खरी ताकद पृष्ठभागात आहे. ग्राइंडरच्या (घासायच्या फिरत्या चकतीच्या) उलटसुलट वळशांतली प्रत्येक रेघ वेगळ्या कोनातून ऊन पकडते. भोवती फिरावं तसं खोकं उजळतं, विझतं. एकाच दिशेने घासलेल्या पत्र्यात हे नाही.

चौकोन
असहमत. स्टेनलेस तापलं की साध्या लोखंडाच्या जवळजवळ दीडपट प्रसरण पावतं, आणि उष्णता जागीच साठवतं. पातळ पत्र्यावर सलग वेल्डिंग केलं की खोकं पिळवटतं. आरसापॉलिश ते उघडं पाडतं, वळसे झाकतात. ही सोय झाली. स्मिथ आधी पुठ्ठ्याची खोकी जोडून रचना बघायचा. पुठ्ठ्याला कुठली चमक? जड खोकं दुसऱ्याच्या कडेवर टेकवायचं धाडस, ते खरं शिल्प.

ग्राइंडरवाला
पिळवट टाळता येते. दर ५० मिमीवर टॅक (वेल्डचा छोटा ठिपका), मग समोरासमोरच्या बाजूंना आलटूनपालटून ४०-५० मिमीचे वेल्डचे तुकडे, मध्ये गार होऊ द्यायचं. खोक्याच्या आत आर्गॉन वायू सोडा, नाहीतर वेल्डची शिवण आतून काळी, दाणेदार होते. आणि ५-६ मिमीचं भोक ठेवाच. कोंडलेली तापलेली हवा शेवटच्या सांध्यातला वितळलेला धातू बाहेर फेकते. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात स्मिथ न्यूयॉर्क राज्यातल्या स्केनेक्टडीच्या रेल्वे इंजिन कारखान्यात वेल्डर होता. अशा माणसाला झाकाझाकीची गरज नव्हती.

चौकोन
खोकं सरळ राहील हो, पण कडेवर टेकलेल्या सांध्याचं काय? सगळं वजन बोटभर शिवणीवर. वाऱ्याने हलत राहिलं की शिवणीच्या काठालाच तडा जातो. असं काही करणाऱ्याने खोकं बंद करण्याआधी आतून जाड पट्टी बसवावी. ही अक्कल रचनेची, चमकेची नव्हे.

पत्रेवाली
आधी एक सांगते: लोखंडावर वापरलेली चकती स्टेनलेसला लावू नका. लोखंडाचे कण रुततात आणि पहिल्याच पावसात तांबूस ठिपके उमटतात. आता वादाचं. दालनातल्या एकसारख्या उजेडात वळसे मंदावतात, तोल मात्र तसाच दिसतो. म्हणून मी चौकोन यांच्या बाजूने.

ग्राइंडरवाला
पण स्मिथने ती दालनासाठी केलीच नव्हती! न्यूयॉर्क राज्यातल्या बोल्टन लँडिंगच्या आपल्या शेतात, उघड्यावर मांडली होती. तिथे ढग सरकला की अख्खं खोकं बदलतं. पुठ्ठ्याच्या नमुन्यात हे आधी कळणं शक्यच नव्हतं.