'नोंदणी', 'नोंद' की 'कीर्द'? : वीज मोजणाऱ्या यंत्राच्या पडद्यावरचे शब्द (टोपणनावांनी झालेली चर्चा)

दिवेलागण
आमच्या सोसायटीत पाण्याचा पंप, लिफ्ट आणि जिन्यातले दिवे यांची वीज वेगवेगळी कळावी म्हणून एक छोटं एनर्जी मॉनिटर बसवलंय. प्रत्येक वायरीभोवती सीटीची (करंट ट्रान्सफॉर्मर, म्हणजे वायरीतला प्रवाह मोजणारी) कडी, आणि यंत्र आपलं आपण वॅट मोजत बसतं. समितीसाठी त्याची मराठी माहिती लिहायला घेतली आणि पहिल्याच मथळ्यावर अडले : 'डेटा लॉगिंग कॉन्फिगरेशन', म्हणजे यंत्राने मोजलेले आकडे कसे लिहून ठेवायचे ते ठरवायचा पडदा. भाषांतराच्या ॲपने दिलं 'डेटा नोंदणी संरचना'. ते वाचून शेजारच्या आजोबांनी विचारलं, "आधार कार्ड लागेल का?"

जुना खांब
ताई, आजोबांचं बरोबर आहे. नोंदणी एकदा होते आणि ती झाली की माणूस किंवा वस्तू यादीत जाऊन बसते. लग्नाची, घराची, मतदाराची. नोंद पुन्हा पुन्हा होते. तुमचं यंत्र मिनिटाला एक म्हटलं तर दिवसात १,४४० नोंदी करेल, १५ मिनिटांना एक म्हटलं तर ९६. 'अभिलेख' सुचवणारे येतीलच. तो भूमी अभिलेख कार्यालयात शोभतो; तिथे जपून ठेवलेला कागद अभिप्रेत असतो, लिहिण्याची क्रिया नव्हे.

मी विजेच्या उपकेंद्रात यंत्रचालक होतो. तासातासाला व्होल्टेज, अँपिअर लॉगशीटवर चढवायचो. 'रीडिंग घेतलं', 'लॉगशीट भरली' असंच बोलायचो. नोंदणी केली असं कुणाच्या तोंडून ऐकलं नाही.

रोजमेळ
'लॉग' म्हणजे मुळात लाकडाचा ओंडका. जहाजाचा वेग मोजायला तो दोरीला बांधून समुद्रात सोडत, आणि तो वेग ज्या वहीत लिहीत ती लॉगबुक. आपल्याकडे याच्या तोडीचा शब्द पेढीवर पडून आहे : कीर्द. घडेल तसं, घडेल त्या क्रमाने लिहायचं ती कीर्द; त्यातून खातेवार मांडायची ती खतावणी. यंत्र मिनिटामिनिटाला लिहितं ती कीर्द, आणि महिन्याअखेर पंपाचे युनिट किती, लिफ्टचे किती, ही खतावणी.

दिवेलागण
सुंदर! पण आमच्या समितीत निम्म्यांना कीर्द शिकवावी लागेल. 'नोंद'च घेते. मग 'नोंद घेणे' लिहू?

जुना खांब
नको हो. 'आपल्या अर्जाची नोंद घेण्यात आली आहे' याचा अर्थ पुढे काही होणार नाही, हे महाराष्ट्रात शाळकरी पोरालाही कळतं. 'नोंद करणे' एकदाचं. सतत चालू राहतं ते 'नोंद ठेवणे'.

रोजमेळ
आणि कॉन्फिगरेशनला 'लावणे' का नको? गजर लावतो, कुकर लावतो, तशी नोंद लावायची.

जुना खांब
लावणे म्हणजे चालू करणे. इथे आधी काय, किती वेळाने, कुठवर हे सांगायचंय. मी 'ठरवणे' म्हणेन. 'नोंदी कशा ठेवायच्या ते ठरवा.' मथळा लांबला तर लांबू दे, पडद्यावर जागा आहे.

दिवेलागण
पटलं. आता 'इंटरव्हल'. मध्यंतर म्हटलं की मला नाट्यगृहातला बटाटेवडा आठवतो.

रहाटगाडगं
'कालांतर' तर मुळीच नको, 'कालांतराने' म्हणजे कधीतरी. नाम शोधूच नका : 'दर किती मिनिटांनी?' एवढं पुरे. त्याच्याखाली आणखी एक निवड असेल, सरासरी की त्या क्षणाचं रीडिंग. ती नीट समजावा. दर १५ मिनिटांनी फक्त त्या क्षणाचे वॅट टिपले आणि पंप मधली १० मिनिटं चालून बंद झाला, तर वहीत पंप चाललाच नाही.

मेमरी भरल्यावर काय, हेही विचारलेलं असतं. समजा एका नोंदीला १६ बाइट लागतात. १ एमबीत ६५,५३६ नोंदी मावतात. मिनिटाला एक धरली तर ४५ दिवस, १५ मिनिटांना एक धरली तर पावणेदोन वर्षांहून जास्त. 'ओव्हरराइट'ला 'पुनर्लेखन' केलेलं पाहिलंय. पुनर्लेखन लेखाचं होतं. इथे रहाटाचं गाडगं आहे, जुनं रितं होतं आणि नवं भरतं. 'जुनी नोंद पुसून नवी लिहा' आणि 'जागा भरली की थांबा', असे दोन पर्याय लिहा.

दिवेलागण
लिहिले. शेवटचा एक : 'टाइमस्टॅम्प', म्हणजे प्रत्येक नोंदीवर पडणारी तारीख-वेळ. याच्यापायी आमच्याकडे भांडण झालंय. पंप रोज रात्री दीडला चालतो असं यंत्र दाखवत होतं, आणि समितीने वॉचमनला धारेवर धरलं. तो बिचारा शपथा घेत होता. आठवड्याने लक्षात आलं की यंत्राचं घड्याळ ग्रिनिचच्या वेळेवर होतं. रात्री दीड म्हणजे आपले सकाळचे सात.

रोजमेळ
'नोंदवेळ'. आणि शेजारी 'भारतीय वेळ' असं ठळक लिहा, वॉचमनच्या वतीने.

दिवेलागण
लिहिते. पत्रक लागलं की पहिली प्रत त्याच्या केबिनवर चिकटवते.