एअर रायफलच्या स्कोपसाठी उताराचा बेस बनवायचा आहे, कोन किती धरायचा?

नेम_पंचवीस (नागपूर)
ब्रेक-बॅरल स्प्रिंग एअर रायफल आहे, .१७७. वर ११ मिमीची डव्हटेल (स्कोपची पकड बसवायची खाचेची पट्टी). छर्र्याचा वेग नळीच्या तोंडाशी साधारण २४० मीटर/सेकंद. स्कोपचं एलिव्हेशन (वर-खाली दुरुस्ती) एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत १६० क्लिक, क्लिक कोनाच्या पाव मिनिटाचा, म्हणजे एकूण ४० मिनिटं. टरेट (दुरुस्तीची घुंडी) वरच्या टोकाला नेऊनही २५ मीटरवर छर्रा १५ मिमी खाली लागतो. नळीच्या मध्यापासून स्कोपचा मध्य ४० मिमीवर आहे. वापर १० ते ५० मीटर.

एचई ३० ॲल्युमिनियमचा १२० मिमी लांब बेस (रायफल आणि स्कोपच्या रिंगांमधली पट्टी) करायचा विचार आहे. २२ मिनिटं लागतील असं दिसतं, म्हणून ०.२२ अंश धरून १२० मिमीत ०.४६ मिमी उतार काढला. बरोबर आहे का? की स्कोप धरणाऱ्या मागच्या रिंगखाली पत्र्याची शिम टाकली तरी भागेल? हिंगणा एमआयडीसीत मिलिंग करून मिळेल, पण ड्रॉइंग आपणच पक्कं द्यावं लागेल.

टूलरूमवाला
२२ मिनिटं बरोबर, ०.२२ अंश चूक. एका अंशात ६० मिनिटं, म्हणून २२ ला ६० ने भागा: ०.३६७ अंश. तुमच्या आकड्याने बेस जेमतेम १३ मिनिटांचा झाला असता. कॅल्क्युलेटरवर ही चूक फार होते. त्यापेक्षा अंशांच्या वाटेला जाऊच नका. एक मिनिट म्हणजे १०० मिमीला ०.०२९ मिमी, एवढं लक्षात ठेवा. २२ मिनिटं म्हणजे १०० मिमीला ०.६४, आणि १२० मिमीला ०.७७ मिमी.

२२ कुठून आले तेही तपासून घ्या. २५ मीटरवर एक मिनिट ७.२७ मिमीचं. स्कोप मध्यावर असताना वर जायला २० मिनिटं शिल्लक होती, ती संपली, आणि उरलेले १५ मिमी म्हणजे आणखी २. हिशोब जुळतो. मात्र इंग्रजी तक्त्यांत १०० यार्डाला एक इंच असतं आणि आपल्याकडे १०० मीटरला २९ मिमी. दोन्ही मिसळू नका.

खाच_आणि_कटर
पण भाऊ, २२ वर थांबू नका. हा आकडा फक्त २५ मीटरचा आहे.

२२ मिनिटं म्हणजे २५ मीटरवर १६० मिमी. हे सगळं नळी झुकल्यामुळे नाही. सरासरी वेग २२० धरला तर तिथवर छर्रा ६३ मिमी पडतो, ४० मिमी स्कोपची उंची. उरले ५७ मिमी, म्हणजे नळीचा खरा झुकाव ८ मिनिटांच्या आसपास. आता हाच झुकाव धरून बाकीची अंतरं काढा. नवा बेस स्कोपला अंदाजे १० मिमी वर नेईल, तेही जमेस धरा. १० मीटरला २८ मिनिटं लागतात, २५ ला साडेतेवीस, ५० ला साडेएकतीस. जवळच्या १० मीटरला २५ पेक्षा जास्त लागतात याचं कारण स्कोपची उंची: ५० मिमीची उंची १० मीटरवर १७ मिनिटांची होते, २५ मीटरवर सातचीच.

म्हणून २५ मिनिटांचा बेस करा. तिन्ही अंतरं मध्यापासून ७ मिनिटांच्या आत येतात. टोकाला गेलेल्या स्कोपमध्ये आतली नळी बाहेरच्या नळीला टेकते आणि डावी-उजवी दुरुस्तीही आखडते, ते यात टळतं. १०० मिमीला ०.७३, १२० मिमीला ०.८७ मिमी. जाड बाजू डोळ्याकडे.

कट मारण्याआधी एक काम: नळीच्या बिजागरीचा बोल्ट ढिला आहे का बघा. नळी दर वेळी वेगळ्या जागी बंद होत असेल तर झुकावाचं मापच बदलत राहतं, आणि मग कुठलाही बेस पुरा पडणार नाही.

टूलरूमवाला
२५ पटलं. शिमबद्दल सांगतो, नको. रिंगांत ९० मिमी अंतर असेल तर मागे ०.६५ मिमी शिम लागेल. पण रिंगा स्वतः सरळच राहतात आणि स्कोपची नळी तिरपी होते. २० मिमी रुंद रिंगमध्ये एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत ०.१५ मिमीचा फरक पडतो. नळी कडांवर टेकते, आवळल्यावर वाकते, तिच्यावर वळ उठतात. चिकटवलेली शिम तर नागपूरच्या मे महिन्यात बंद गाडीत सरकणारच. एकसंध बेसवर दोन्ही रिंगा सारख्याच कलतात.

नेम_पंचवीस
समजलं. मग मिलिंगवर कसं बांधायला सांगू? तिथे साइन बार (नेमका कोन लावायची पट्टी) असेलच असं नाही.

खाच_आणि_कटर
साइन बार असला तर २०० मिमीच्या बारखाली १.४५ मिमीची एकच स्लिप (नेमक्या जाडीचा ठोकळा) टाका, झालं. नसला तर फीलर गेजची (फट मोजायच्या पात्यांची) ०.८० मिमी जाड पाती घ्या. व्हाइसमध्ये जॉब पॅरललवर (समांतर पट्ट्यांवर) ठेवा, आणि पाती एका टोकाखाली अशी सरकवा की दुसऱ्या टोकाच्या कडेपासून तिची आतली कड ११० मिमीवर येईल. तोच २५ मिनिटांचा कोन.

पाती पुढच्या टोकाखाली टाकायची. जे टोक उचललं जातं तिथला माल जास्त कापला जातो, म्हणून तेच बारीक होतं. इथे हमखास उलटं होतं. आधी पट्टीवर ‘पुढे’ असा बाण कोरून घ्या.

क्रम असा ठेवा: खालचा भाग, ११ मिमीची पकड आणि स्क्रूची भोकं पट्टी सरळ असताना, बुडाशी काटकोनात. नंतर कलवून वरचा कट, आणि त्याच बांधणीत, जॉब न सोडता, वरच्या पिकॅटिनीच्या (रिंगा बसवायच्या खाचांच्या पट्टीच्या) बाजू आणि खाचा: खाच ५.२३ मिमी रुंद, ३ खोल, एका मध्यापासून दुसरा मध्य १०.०१. जॉब सोडून पुन्हा बांधला की खाचा उताराला काटकोनात राहत नाहीत. खाली स्टॉप पिन ठेवाच. स्प्रिंग रायफल आधी मागे आणि लगेच पुढे झटका देते, नुसत्या पकडीवर बेस सरकतो. ती पिन रिसीव्हरवरच्या (रायफलच्या मुख्य भागावरच्या) भोकात बसली पाहिजे, म्हणून भोकाची जागा आणि डव्हटेलची खरी रुंदी, दोन्ही व्हर्नियरने मोजून ड्रॉइंगवर टाका. ११ मिमी म्हणून विकलेल्या डव्हटेलमध्ये फरक असतो.

टूलरूमवाला
तपासणी सरफेस प्लेटवर (अचूक सपाट पाट्यावर): बेस ठेवून वरून डायल गेज १०० मिमी फिरवा, ०.७३ दाखवला पाहिजे. ०.०५ इकडेतिकडे झालं तर दोनच मिनिटांचा फरक, टरेट तो सहज भरून काढेल. पण डायल आडवा फिरवल्यावर काटा हलता कामा नये. बेस बाजूला कलला तर एलिव्हेशन फिरवताना छर्रा वर जाता जाता बाजूलाही सरकतो, आणि तो फरक दर अंतराला वेगळा येतो.