मिनेसोटात छत बदलायला १७ हजार डॉलर??

मंडळी, मिनियापोलिसजवळ घर आहे, शिंगल्स (छतावरच्या डांबरी पट्ट्या) १९ वर्षांच्या झाल्यात, कडा वळल्यात, गटरमध्ये वाळूसारखे दाणे साचतात. छत २४ स्क्वेअर, कोटेशन १७ हजारांचं. नवरा म्हणतो जुन्यावरच दुसरा थर टाकू, काय करू?

> ताई, थर अजिबात नको, जुनं उखडल्याशिवाय खालचं कुजलेलं प्लायवूड दिसणार कसं? १ स्क्वेअर म्हणजे १०० चौरस फूट, तुम्हाला स्क्वेअरला ७०० च्या आसपास पडतंय, उखडणं धरून असेल तर ठीके. कोटेशनमध्ये आइस अँड वॉटर शील्ड (शिंगल्सखाली कडेला चिकटवायचा पाणी अडवणारा थर) लिहिलंय का बघा, तो बाहेरच्या भिंतीच्या आत २४ इंच तरी यायला हवं.

> आमचं नवंकोरं छत, तरी पहिल्याच हिवाळ्यात कडेला बर्फाचा बांध आणि पाणी थेट देवघराच्या भिंतीवर! अ‍ॅटिकमध्ये (छताखालच्या माळ्यावर) इन्सुलेशन कमी होतं, घरातली ऊब वर जाऊन बर्फ वितळायचा आणि थंड कडेला येऊन परत गोठायचा. आधी ते तपासा.

> अहो शील्डचा उल्लेखच नाहीये!! लावते फोन.