मॉरिशसचा कुटुंबखर्च: डॉलरची मालिका चालेल का?

सिडको_एमए
प्रकल्पासाठी मॉरिशसच्या कुटुंबांचा उपभोगखर्च १९७६ ते २०१९ असा बघतेय. जागतिक बँकेची चालू किमतींची (त्या त्या वर्षीच्या भावाने मोजलेली) डॉलरमधली वर्षवार आकड्यांची मालिका एक्सेलमध्ये घेतली, तर १९८० नंतरची काही वर्षं आलेख खाली जातो. लोकांनी खरंच इतका हात आखडला होता? आणि पर्यटकांचा खर्च यात धरलाय का?

मेनरोड
डॉलरची मालिका बाजूला ठेवा. १९७९ आणि १९८१ मध्ये मॉरिशसच्या रुपयाचं अवमूल्यन झालं, त्यामुळे तेवढाच खर्च डॉलरमध्ये कमी दिसतो. सगळाच भास नाही म्हणा. १९८० साली चक्रीवादळांनी ऊस झोपवला आणि उत्पादन खरंच घटलं. या दोन गोष्टी वेगळ्या करायच्या तर स्थिर किमतींची (महागाई वगळलेली), स्थानिक चलनातली मालिका घ्या आणि तिला त्या त्या वर्षीच्या लोकसंख्येने भागा. समजा दहा वर्षांत खर्च १०० चा १८० झाला आणि किमती १०० च्या १५०. मग खरी वाढ १२० पर्यंतच. लोकसंख्या १० टक्के वाढली असेल तर दरडोई १०९, म्हणजे वर्षाला जेमतेम ०.९ टक्के. रकान्याच्या डोक्यावर 'मॉरिशस रुपये' असं पूर्ण लिहा, नुसतं 'रु.' लिहिलंत की परीक्षक भारतीय रुपये समजतात.

गोदाकाठ
पर्यटकांचा खर्च यात धरत नाहीत. सिंहस्थात रामकुंडावर आलेल्या यात्रेकरूने घेतलेला चहा हा नाशिककरांचा घरखर्च नव्हे, तसंच. पर्यटकांचा खर्च निर्यातीत जातो. पण छोट्या बेटावर खरी मेख इथेच आहे. आयात अधिक देशी उत्पादन, वजा निर्यात, वजा धंद्यांनी वापरलेलं, वजा साठ्यातली वाढ, असं करत कुटुंबांचा वाटा काढतात आणि त्यातून पर्यटकांची खरेदी वगळतात. २०१९ मध्ये पर्यटक सुमारे १३.८ लाख आले, देशाची लोकसंख्या मात्र साधारण १२.६ लाख. पर्यटकांचा अंदाज थोडा कमी धरला गेला, की उरलेलं सगळं कुटुंबांच्या नावावर चढतं. म्हणून शेजारच्या रकान्यात पर्यटन उत्पन्न ठेवा आणि दोन्ही एकाच वर्षी उसळलेली दिसली तर ते वर्ष तपासा.

स्वतःच्या घराचं मानीव भाडंही, म्हणजे ते घर भाड्याने घेतलं असतं तर पडलं असतं तेवढं धरलेलं भाडं, या खर्चात असतं. त्यामुळे २०१२ आणि २०१७ च्या कौटुंबिक खर्च पाहणीचे आकडे या मालिकेला जोडू नका. कोणत्या वस्तूवर किती, ही विभागणी बघायला पाहणी उत्तम. वर्षांची साखळी तिच्यातून होत नाही.

सिडको_एमए
मॉरिशसच्या सांख्यिकी कार्यालयाच्या जुन्या तक्त्यांचं आधारवर्ष (ज्या वर्षीच्या किमती स्थिर धरतात ते) वेगळं आहे. ते कसे जोडू?

मेनरोड
दोन्ही तक्त्यांत असलेलं एक वर्ष शोधा. त्या वर्षी जुना आकडा ८० आणि नवा १०० असेल, तर आधीची सगळी वर्षं १.२५ ने गुणा. मात्र अन्न, कपडे, घर असे घटक वेगवेगळे जोडलेत तर त्यांची बेरीज एकूण रकमेशी जुळणार नाही. तो फरक ओढूनताणून कुठल्या घटकात घालू नका, 'तफावत' असा रकाना करून तसाच दाखवा.