मदत हवी आहे: चेहऱ्याची पाचवी नस समजून घ्यायची आहे (आत्याच्या दोन दाढा गेल्या, कळ तशीच आहे)

तेरणाकाठ:
मंडळी, नमस्कार. मी एमबीबीएसच्या पहिल्या वर्षाला आहे. दहावीपर्यंत जिल्हा परिषदेच्या शाळेत मराठीतून शिकले. इंग्रजी पुस्तकातलं पाठ होतं, पण डोळ्यांसमोर चित्र उभं राहत नाही. सध्या डिसेक्शन हॉलमध्ये डोकं-मान चालू आहे आणि पाचव्या क्रॅनियल नर्व्हपाशी (थेट मेंदूतून निघणारी नस), म्हणजे ट्रायजेमिनलपाशी, मी अडकले आहे.

परवा व्हायवात (तोंडी परीक्षेत) सरांनी विचारलं, "गालावर माशी बसली हे मेंदूला कुणी कळवलं? आणि ती उडवायला गाल कुणी हलवला?" मी दोन्हीला फेशियल नर्व्ह म्हणाले. चेहऱ्याची नस म्हणजे फेशियलच, असं मनात पक्कं बसलं होतं. सर रागावले नाहीत, "परत वाच" एवढंच म्हणाले. परत वाचलं. शाखांची नावं सांगता येतात, पण कोण कुठून निघून कुठं जातं ते विचारलं की गडबड होते.

नुसती परीक्षा असती तर कसंबसं निभावलं असतं. पण माझी आत्या औसा तालुक्यात असते, वय ५८. यंदा वेळ अमावस्येला आम्ही सगळे तिच्या शेतात जमलो होतो. कोपीत पूजा झाली, भज्जी, आंबील, बाजरीचे उंडे, सगळं तिनंच रांधलेलं. आणि ती स्वतः पदरानं उजवा गाल झाकून वाऱ्याकडं पाठ करून बसली होती. जेवलीच नाही. विचारलं तर हातानंच "थांब" म्हणाली, कारण बोललं तरी कळ उठते. थोड्या वेळानं हळू आवाजात सांगितलं, "गालातून इजच जाती की गं माय. क्षणभर. पण जीव नको होतो."

दीड वर्ष हे चालू आहे. आधी दाढ दुखते म्हणून खालची एक काढली. मग तिच्या शेजारची काढली. कळ तिथंच. मिसरी लावणं सुटलं, तोंड धुताना उजवी बाजू कोरडीच ठेवते, भाकर दुधात कुस्करून डावीकडून गिळते. घरचे म्हणतात, शीर दबली असेल. मी पुस्तक उघडलं तर तिनं बोटानं दाखवलेली जागा आणि पाचव्या नसेच्या तिसऱ्या शाखेचं चित्र एकच.

मला दोन गोष्टींसाठी मदत हवी आहे. एक, ही नस कुणीतरी मराठीत, हात धरून दाखवल्यासारखी समजावून सांगा. दुसरी, दाढ काढूनही कळ का जात नाही हे आत्याला तिच्या भाषेत कसं सांगू? ती आता तिसरी दाढ काढायचं म्हणते आहे. म्हणून घाई आहे.

उदगीरकर:
मी निवृत्त अ‍ॅनाटॉमी शिक्षक. बेटा, आधी पुस्तक बंद कर आणि आरशासमोर बस.

दात घट्ट आवळ. गालावर मागच्या बाजूला बोटांखाली जो गोळा फुगतो तो मॅसेटर. आता बोटं कानशिलावर ठेवून परत आवळ, तिथं हलतो तो टेम्पोरॅलिस. आत, जबड्याच्या हाडाच्या पलीकडं दोन आहेत, मीडियल आणि लॅटरल टेरिगॉइड. चावायचे हे चारही स्नायू पाचव्या नसेचे. आता हस, गाल फुगव, डोळे गच्च मिट. हे सगळं सातवीचं, म्हणजे फेशियलचं. हाच तुझ्या व्हायवाचा अर्धा पेपर. माशी बसल्याची खबर पाचवी देते, ती उडवायला गाल हलवते सातवी.

तुझी चूक जुनी आणि मोठ्या माणसांनी केलेली आहे. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीपर्यंत चेहऱ्याच्या अशाच कळेवर काही सर्जन सातवी नस कापत. रोग्याचं तोंड लुळं पडायचं आणि कळ जिथल्या तिथं. १८२१ नंतर चार्ल्स बेल आणि हर्बर्ट मेयो यांच्या कामातून दोन नसांची वाटणी स्पष्ट झाली. तेव्हा ही वाटणी नीट बसव, ती कुणाच्या तरी चेहऱ्याशी जोडलेली आहे.

स्वयंपाकघरातली उदाहरणं लक्षात राहतात. कांदा चिरताना डोळा चुरचुरतो ते पाचवीच्या पहिल्या शाखेमुळं, पण पाणी काढण्याचा हुकूम सातवीतून जातो. ठेचा खाल्ला की जिभेच्या पुढच्या भागाची आग तिसऱ्या शाखेतून जाते, कारण तिखट ही चव नाही, ती जळजळ आहे. त्याच ठेच्यातलं मीठ मात्र सातवीच्या कॉर्डा टिम्पनी या शाखेला कळतं. गंमत म्हणजे ती कॉर्डा टिम्पनी जिभेपर्यंत पोचते तिसऱ्या शाखेच्याच लिंग्वल नर्व्हच्या सोबतीनं.

आता वाट. मेंदूच्या पॉन्स नावाच्या भागाच्या बाजूतून ही नस निघते. सगळ्या क्रॅनियल नसांत जाडीला ही सर्वांत मोठी. निघताना दोन मुळं असतात, संवेदनेचं जाड आणि हालचालीचं बारीक. जाड मूळ पुढं जाऊन कानाच्या हाडाच्या टोकावर मेकेल्स केव्ह नावाच्या खोबणीत गाठ बनवतं, तिला गॅसेरियन गँग्लियन म्हणतात. त्या गाठीतून तीन फाटे फुटतात. पहिला, ऑफ्थॅल्मिक, सुपिरिअर ऑर्बायटल फिशर या फटीतून डोळ्याच्या खोबणीत शिरतो आणि कपाळ, वरची पापणी, डोळ्याचं बुबुळ, नाकाचा शेंडा सांभाळतो. दुसरा, मॅक्सिलरी, फोरामेन रोटंडममधून जातो (फोरामेन म्हणजे हाडातलं भोक). खालची पापणी, गालाचं हाड, वरचा ओठ, वरचे दात त्याचे. तिसरा, मँडिब्युलर, फोरामेन ओव्हेलमधून खाली उतरतो. खालचा ओठ, हनुवटी, खालचे दात, कानापुढची कानशिलाची पट्टी त्याची.

बारीक मूळ गाठीच्या खालून निसटतं, गाठीत शिरतच नाही, आणि फोरामेन ओव्हेलपाशी फक्त तिसऱ्या फाट्यात मिसळतं. म्हणून चावण्याची ताकद एकट्या तिसऱ्याकडं. असं का? गर्भात चौथ्या-पाचव्या आठवड्यात गळ्याशी ज्या कमानी तयार होतात, त्यातल्या पहिल्या कमानीतून खालचा जबडा आणि हे स्नायू बनतात. पाचवी ही पहिल्या कमानीची नस, सातवी दुसरीची. चार चावणारे धरून एकूण आठ स्नायू होतात. उरलेले चार म्हणजे मायलोहायॉइड, डायगॅस्ट्रिकचं पुढचं पोट, टेन्सर टिम्पनी आणि टेन्सर व्हेली पॅलाटिनी. डायगॅस्ट्रिकचं मागचं पोट मात्र सातवीकडं, हे विचारतातच.

आरशात अजून एक कर. भुवईच्या हाडावर आतल्या बाजूला बोटाला एक खाच लागते. डोळ्याच्या खोबणीच्या कडेखाली बोटभर अंतरावर एक जागा दाबली की ठणकते. खाली हनुवटीच्या बाजूला, छोट्या दाढांच्या मुळाशी तिसरी. या तीन जागा जवळजवळ एका उभ्या रेषेत येतात आणि तिन्ही फाट्यांच्या टोकाच्या नसा तिथून कातडीत येतात. जबड्याचा मागचा कोपरा मात्र या नसेचा नाही. तिथं मानेतून वर आलेली ग्रेट ऑरिक्युलर असते.

व्हायवातले दोन सापळे सांगून ठेवतो. गालातला बक्सिनेटर स्नायू चावताना कामाला येतो, पण तो सातवीचा. पाचवीची 'बक्कल नर्व्ह' त्याला भेदून जाते, हलवत नाही, ती फक्त संवेदनेची. आणि तिसऱ्या फाट्याची एक बाजू बंद पडली तर तोंड उघडताना जबडा त्याच, म्हणजे अधू बाजूला सरकतो, कारण चांगल्या बाजूचा लॅटरल टेरिगॉइड त्याला ढकलतो.

मांजरा:
मी लातूरला दातांची प्रॅक्टिस करते. आत्याबाईंचं वाचून वाईट वाटलं, पण हे नवीन नाही. लक्षणं ट्रायजेमिनल न्यूराल्जियाची, म्हणजे पाचव्या नसेच्या कळेची, वाटतात. असे रोगी आधी आमच्याच खुर्चीत येतात, आणि ते साहजिक आहे, कारण त्यांना खरोखर दाढेतच दुखल्यासारखं वाटतं.

कारण सांगते. तिसऱ्या शाखेतून निघणारी इन्फीरिअर अल्व्हिओलर नर्व्ह जबड्याच्या हाडात आतल्या बाजूनं शिरते, बोगद्यातून सगळ्या खालच्या दातांच्या मुळांना तंतू देत जाते आणि हनुवटीपाशी बाहेर येते. खालची दाढ काढताना आम्ही भूल देतो ती हीच नस हाडात शिरते तिथं. ओठ जड होतो तो त्यामुळं. या वाटेवर वर कुठंही बिघाड झाला तरी मेंदू म्हणतो, दाढ दुखली.

आत्याला असं सांगा. विहिरीवरची मोटर झटके मारते म्हणून मोटर खोलली, बदलली, दुसरी बसवली, आणि फॉल्ट निघाला डीपीजवळच्या वायरीत, जिथं वरचं आवरण घासून गेलंय. मोटर म्हणजे दाढ. कितीही मोटरी काढल्या तरी वायर तशीच. शेतातल्या माणसाला हे लगेच पटतं.

कीड लागलेल्या दाढेचं दुखणं ठणकतं, तासन्तास राहतं, रात्री झोपू देत नाही, गरम-थंड लागलं की वाढतं, दातावर ठोकलं की कळतं. ही कळ विजेसारखी, काही सेकंदांची, फार तर दोन मिनिटांची. तोंड धुणं, दात घासणं, वारा, बोलणं, इतक्या हलक्या स्पर्शानं उठते, चेहऱ्याच्या मध्यरेषेपलीकडं जात नाही, आणि बहुधा झोपेत सोडून देते. दोन्ही एकत्रही असू शकतात, म्हणून दाताचा एक्स-रे काढून घ्या. पण एक्स-रे स्वच्छ असेल तर तिसऱ्या दाढेला हात लावू देऊ नका. न्यूरॉलॉजिस्टकडं न्या.

कंधारचा:
माझ्या वडिलांना हेच होतं. डॉक्टरांनी कार्बामाझेपिन सुरू केलं, थोड्या डोसपासून, हळूहळू वाढवत. आठ दिवसांत ते पोटभर जेवले. पण सुरुवातीला चक्कर येत होती, तोल जात होता, नंतर रक्तातलं सोडियम उतरलं होतं. तेव्हा रक्त तपासायचं टाळू नका, अंगावर पुरळ दिसली तर त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा, आणि गोळी मनानं सुरू करू नका, मनानं बंदही करू नका.

तेरणाकाठ:
सर, मॅडम, दादा, तिघांनाही मनापासून धन्यवाद. सर, आरशासमोर बसले. दोन दिवसांत जे जमलं नव्हतं ते वीस मिनिटांत जमलं.

एक अडचण राहिली. आमच्याकडं रक्ताची नळीही 'शीर' आणि मज्जातंतूही 'शीर'. आत्याला "तुझी शीर दबली" म्हटलं तर ती पायावरच्या फुगलेल्या निळ्या शिरांकडं बोट दाखवते. काय शब्द वापरू?

उदगीरकर:
हा प्रश्न मला फार आवडला, कारण इथं दोन्ही शिरा खरोखरच आहेत. या आजारात बहुतेक वेळा रक्ताची धमनी, बरेचदा सुपिरिअर सेरेबेलर आर्टरी, पॉन्समधून निघणाऱ्या पाचव्या नसेच्या मुळाला टेकलेली असते. ठोक्याठोक्याला ती तिथंच घासते आणि मज्जातंतूवरचं मायलिनचं आवरण झिजतं. आवरण गेलेले तंतू एकमेकांत ठिणगी टाकतात, म्हणून हलका स्पर्शही कळ होऊन पोचतो. म्हणजे रक्ताची शीर खबरीच्या शिरेवर बसली आहे. 'रक्ताची' आणि 'खबरीची' असे दोन शब्द वापर, आत्याला कळेल.

वॉल्टर डँडी या सर्जननं १९३४ साली हे मुळाशी टेकलेल्या रक्तवाहिनीचं निरीक्षण मांडलं होतं. पुढं पीटर जॅनेटा यांनी ऑपरेशन रूढ केलं, त्यात रक्तवाहिनी आणि नस या दोघींच्या मध्ये छोटी गादी ठेवून त्यांना वेगळं करतात. कार्बामाझेपिनचा या कळेवरचा उपयोग १९६२ मध्ये प्रसिद्ध झाला, आणि आजही पहिली गोळी तीच. गोळीनं भागलं तर ऑपरेशन लागत नाही. एमआरआय मात्र करून घ्या. गाठ नाही ना, मल्टिपल स्क्लेरोसिस (मेंदूतल्या तंतूंवरचं आवरण झिजवणारा आजार) नाही ना, हे बघावं लागतं. चेहऱ्याचा भाग बधिर वाटत असेल तर ते डॉक्टरांना आवर्जून सांगा.

तेरणाकाठ:
काल बाबांबरोबर आत्याला लातूरला नेलं. डॉक्टरांनी बुबुळाला कापसाचा धागा लावून पाहिला, दात आवळायला लावले, तोंड उघडायला सांगितलं. प्रत्येक वेळी मी मनात म्हणत होते, ही पहिली शाखा, आता तिसरी. एक्स-रेत दाढा चांगल्या आहेत. गोळी सुरू झाली, सोडियम तपासायला दिलं, एमआरआयची तारीख पुढच्या मंगळवारची मिळाली.

येताना एसटीत खिडकी लावून घेतली आणि तिला डीपीची गोष्ट सांगितली. ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "मग माझ्या दोन दाढा उगाच गेल्या का गं?" मला उत्तर सुचलं नाही. मॅडम, तुम्ही काय सांगितलं असतं?

मांजरा:
मी खरं तेच सांगितलं असतं, की हो, त्या गेल्या नसत्या तरी चाललं असतं, आणि दुखत होतं ते मात्र खोटं नव्हतं. कळ आटोक्यात आली की दोन महिन्यांनी त्यांना घेऊन या. त्या जागी दात बसवता येतात. भाकर उजवीकडून चावता आली पाहिजे.

तेरणाकाठ:
आणेन, नक्की. एमआरआयचा रिपोर्ट आला की इथंच लिहीन. सर, तोवर दुसऱ्या शाखेचा टेरिगोपॅलेटाइन फॉसा (वरच्या जबड्यामागची खोबण) समजावाल का? शुक्रवारी परत व्हायवा आहे.