प्रतिसाद: ७३० विरुद्ध ५२५ हॉर्सपॉवर

या चर्चेत एका भाऊंनी ठामपणे लिहिलंय की मर्सिडीजच्या ७३० हॉर्सपॉवरच्या एएमजी जीटी ब्लॅक सिरीज गाडीपुढे ५२५ ची पोर्शे ९११ जीटी३ आरएस टिकणारच नाही. सरळ रस्त्यावर मान्य. पण ट्रॅकवर? जर्मनीतल्या नुर्बुर्गरिंग या रेस ट्रॅकच्या २०.८ किमीच्या फेरीला ब्लॅक सिरीजने २०२० साली ६ मिनिटं ४८.०४७ सेकंद घेतले, पोर्शेने २०२२ साली ६ मिनिटं ४९.३२८. तब्बल २०५ घोडे कमी आणि फरक जेमतेम सव्वा सेकंदाचा!

सगळी जादू हवेची आहे राव. ताशी २८५ ला जीटी३ आरएसवर हवेचा खाली दाबणारा जोर सुमारे ८६० किलो पडतो, टायर रस्त्याला घट्ट धरतात, म्हणून ती वळणात वेग धरून ठेवते. नाशिकहून मुंबईला जाताना कसारा घाट उतरणाऱ्याला हे वेगळं सांगायला नको, तिथे इंजिनापेक्षा ब्रेक आणि टायरच कामाला येतात.

मर्सिडीजच्या बाजूने एक सांगतो: तिची फेरी नोव्हेंबरच्या थंडीत झाली, आणि गार डांबरावर टायर नीट तापत नाहीत. त्यामुळे दोन वेगळ्या दिवसांच्या वेळांवरून पैजा लावणाऱ्यांनी जरा दमानं घ्या. बाकी ट्रॅक डेला (आपली गाडी रेस ट्रॅकवर पळवायच्या दिवशी) मी पोर्शेच घेईन, आवाजासाठी मात्र एएमजी.